अदिस अबाबा : घड्याळ, उपवास आणि मुक्काम

इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा बहुतेक भारतीय प्रवाशांना ठाऊक असते ती विमान बदलण्याचे ठिकाण म्हणून. मुंबईहून तेथे थेट विमान जाते, पुढे आफ्रिकेच्या कानाकोपऱ्यात किंवा पश्चिमेकडे जाणारे दुसरे विमान मिळते आणि मधले काही तास बोले विमानतळावरच्या खुर्चीत निघून जातात. वस्तुतः हा विमानतळ शहराच्या पोटातच आहे, जुन्या मध्यवस्तीपासून जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर. त्यामुळे जाताना किंवा येताना दोन-तीन दिवसांचा मुक्काम ठेवला, तर फार मोठा वळसा न घेता आफ्रिकेतील एका अत्यंत वेगळ्या शहराची ओळख होऊ शकते. मात्र हे शहर पाहण्याआधी तेथील घड्याळ, पंचांग आणि उपवासाचे वार या तीन गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे, कारण भोजनालयात काय मिळेल, देवळे केव्हा भरलेली असतील आणि ठरवलेली गाडी केव्हा येईल, हे सारे त्यांवर अवलंबून असते. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या सगळीकडे मिळतात. या तीन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही.

इथिओपियात दिवसाची मोजणी मध्यरात्रीपासून नव्हे, तर सूर्योदयापासून होते. विषुववृत्तापासून फार दूर नसल्याने तेथे वर्षभर सूर्य साधारण सहाच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारासच मावळतो, म्हणून आपल्या घड्याळात सकाळचे सात वाजले की तेथील लोक एक वाजला असे म्हणतात, आपल्या दुपारच्या बाराला सहा आणि संध्याकाळी सातला पुन्हा एक. सूर्योदयापासून वार बदलण्याची पंचांगातली रीत माहीत असलेल्या मराठी माणसाला यात तर्कदुष्ट असे काही वाटणार नाही. अडचण येते ती व्यवहारात. एखाद्या चालकाने ‘सकाळी तीनला येतो’ असे सांगितले, तर त्याचा अर्थ नऊ वाजता असा असतो, आणि प्रवासी मात्र पहाटे तीनला उठून सामान बांधून बसतो. विमानाची तिकिटे आणि मोठ्या हॉटेलांचे व्यवहार जागतिक वेळेप्रमाणे चालतात, पण टॅक्सी, छोटी दुकाने आणि घरगुती आमंत्रणे स्थानिक वेळेप्रमाणे. म्हणून कोणतीही वेळ ठरवताना ती ‘हबेशा’ वेळ की ‘फेरेंजी’ वेळ, हे विचारून घ्यावे. हबेशा म्हणजे इथिओपियन आणि फेरेंजी म्हणजे परदेशी माणूस.

पंचांगाचेही तसेच आहे. इथिओपियन वर्षात तीस दिवसांचे बारा महिने आणि त्यांच्या शेवटी पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा महिना असतो, वर्षगणना जागतिक गणनेपेक्षा सात ते आठ वर्षांनी मागे चालते, आणि नवे वर्ष ११ सप्टेंबरला, क्वचित १२ सप्टेंबरला, सुरू होते. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथे २०१८ साल उजाडले. स्थानिक पावतीवर किंवा कागदावर विचित्र तारीख दिसली तर ती चुकीची आहे असे मानण्याआधी हे लक्षात घ्यावे. नाताळ ७ जानेवारीला येतो. ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याचा तिमकत हा सण १९ जानेवारीच्या सुमारास आणि क्रूसाच्या शोधाचा मेस्केल हा सण २७ सप्टेंबरच्या सुमारास. मेस्केलच्या आदल्या संध्याकाळी शहराच्या मध्यावरील मेस्केल चौकात मोठी होळी पेटवली जाते, तर तिमकतला शहरभरच्या चर्चमधून ताबोत, म्हणजे प्रत्येक चर्चच्या गाभाऱ्यात ठेवलेली आणि एरवी कोणाच्या दृष्टीस न पडणारी पवित्र पाटी, रेशमी वस्त्रांत गुंडाळून मिरवणुकीने जान मेदा या मैदानावर नेली जाते. ज्यांना प्रवासाचे दिवस निवडता येतात, त्यांनी तिमकत साधावा. ते दिवस कोरड्या ऋतूतले असतात, आणि छत्र्यांच्या, ढोलांच्या, पांढऱ्या वस्त्रांच्या त्या गर्दीला शहरातील कोणत्याही संग्रहालयाची सर येत नाही. जून ते सप्टेंबर हा मोठ्या पावसाचा काळ. त्या दिवसांत गेल्यास दुपारनंतरचे बेत न आखणेच शहाणपणाचे.

शाकाहारी प्रवाशाच्या दृष्टीने तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चचे अनुयायी बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करतात, त्याशिवाय ईस्टरपूर्वीचा पंचावन्न दिवसांचा मोठा उपवास आणि नाताळापूर्वीचा, ऑगस्टमधला असे इतर उपवास असतात. नेमाने पाळणाऱ्याच्या वर्षातले निम्म्याच्या आसपास दिवस त्यात जातात. हा उपवास साबुदाण्याचा नव्हे. धान्य, डाळी, भाज्या, तेल, कांदा, लसूण सारे चालते. वर्ज्य असते ते मांस, अंडी, दूध, लोणी, म्हणजे प्राणिज असे सर्व काही. परिणामी बुधवार-शुक्रवारी अगदी साध्या खाणावळीतही ‘बेयायनेतू’ नावाचे ताट मिळते, ज्यात इंजेरा या मोठ्या, मऊ, सच्छिद्र, आंबट पोळीवर मसुरीचे तिखट वोत, म्हणजे बेरबेरे या लाल मसाल्यातले दाट कालवण, वाटाण्याच्या डाळीचे पिवळे सौम्य कालवण, परतलेली हिरवी पालेभाजी, बीट, कोबी-गाजर-बटाटा आणि मध्यभागी शिरो असे छोटे ढीग मांडलेले असतात. नावाने फसू नये : तेथील शिरो म्हणजे गोड शिरा नव्हे, तर हरभऱ्याच्या किंवा इतर कडधान्याच्या मसालेदार पिठाचे, मातीच्या भांड्यात रटरटत आणलेले कालवण. इंजेरा तेफ या अत्यंत बारीक दाण्याच्या धान्याचे पीठ काही दिवस आंबवून मोठ्या तव्यावर एकाच बाजूने भाजतात. तिचा तुकडा उजव्या हाताने तोडून त्यातच कालवण उचलायचे असते, चमचा मागितल्यास मिळतो पण लागत नाही. एकाच ताटात चौघे जेवतात, आणि यजमानाने स्वतःच्या हाताने घास भरवला, तर तो गुर्शा होय. तो नाकारणे अपमानाचे मानले जाते.

येथे काही सावधगिरी हवी. ‘उपवासाचे’ यासाठी त्सोम हा शब्द आहे, आणि ‘त्सोम’ एवढे सांगितले की बहुतेक काम होते. पण पुष्कळ जण उपवासात मासे चालतात असे मानतात, त्यामुळे काही भोजनालयांच्या उपवासाच्या ताटात मासा येऊ शकतो, म्हणून ‘आसा’ म्हणजे मासा नको हेही सांगावे. ‘बोझेना शिरो’ या पदार्थात मांसाचे तुकडे असतात. ‘सिगा अल्बेलाम’, मांस खात नाही, हे दोन शब्द पाठ करून ठेवावेत. सर्वांत अडचणीचा काळ म्हणजे ईस्टरनंतरचे पन्नास दिवस, कारण त्या काळात बुधवार-शुक्रवारचाही उपवास नसतो आणि लहान खाणावळी उपवासाचे ताट करणेच थांबवतात. त्या आठवड्यांत जाणाऱ्या शाकाहारी माणसाने पिशवीत दशम्या असू द्याव्यात. एरवी त्यांची गरज नाही.

पिण्याचे पाणी बाटलीबंदच घ्यावे, आणि घेताना साधे की वायुयुक्त हे स्पष्ट सांगावे, कारण अंबो या गावच्या झऱ्याचे बुडबुड्यांचे पाणी तेथे इतके लोकप्रिय आहे की ‘पाणी’ म्हटल्यावर तेही समोर येऊ शकते. कॉफीविषयी मात्र सावधगिरीची नव्हे, सवड काढण्याची गरज आहे. कॉफीचे मूळ इथिओपियातले, आणि घरोघर, इतकेच काय रस्त्याच्या कडेलाही, ती विधिपूर्वक केली जाते : जमिनीवर हिरवे गवत पसरलेले, बाजूला ऊद जळत असलेला, बाई कच्च्या हिरवट बिया धुऊन लोखंडी तव्यावर भाजते, भाजलेल्या बियांचा धूर पाहुण्यांच्या नाकाशी नेऊन दाखवते, मग त्या कुटून जबेना या लांब मानेच्या काळ्या मातीच्या सुरईत उकळते आणि उंचावरून धार धरून कान नसलेल्या इवल्या कपांत ओतते. त्याच भुकटीत पुन्हा पाणी घालून तीन फेऱ्या होतात, अबोल, तोना आणि बराका. पहिल्या फेरीनंतर उठून जाणे बरे दिसत नाही. ज्यांना एवढा वेळ नाही, त्यांच्यासाठी इटालियन धाटणीची यंत्रातली कॉफी चौकाचौकात उभ्याने मिळते. १९५३ पासून चालत आलेले ‘तोमोका’ हे दुकान त्यासाठी प्रसिद्ध आहे.

शहराचा इतिहास समजून घ्यायचा तर आरंभ उत्तरेकडच्या एन्तोतो डोंगरापासून करावा. सम्राट मेनेलिक दुसरा याची राजधानी आधी त्या थंड, वाऱ्याच्या माथ्यावर होती. खाली फिलवुहा येथे गरम पाण्याचे झरे होते, सम्राज्ञी तायतू हिला तो परिसर आवडला आणि १८८६ मध्ये तेथे वस्ती सुरू झाली. ओरोमो लोक त्या जागेला फिनफिने म्हणत आणि आजही म्हणतात. वस्ती वाढली तसे आसपासचे जंगल सरपणासाठी तुटले, लाकूड संपल्याने राजधानी दुसरीकडे हलवण्याचे घाटू लागले, तेव्हा ऑस्ट्रेलियातून आणलेल्या निलगिरीची लागवड झाली आणि झपाट्याने वाढणाऱ्या त्या झाडाने राजधानी जागेवर राखली. आज एन्तोतोवर मेनेलिकचा साधा, मातीच्या भिंतींचा वाडा, मरियम चर्च आणि २०२० मध्ये खुले झालेले मोठे उद्यान आहे. निलगिरीच्या फांद्यांचे स्वतःपेक्षा लांब भारे पाठीवर घेऊन उतार उतरणाऱ्या बायका तेथे दिसत आल्या आहेत. त्यांचे छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटरवर आणि हा डोंगर ३,००० मीटरच्याही वर असल्याने पहिल्याच दिवशी चढण चढू नये. धाप लागते, डोके दुखते, आणि ऊन सौम्य वाटले तरी कातडी भाजते. रात्री स्वेटर लागतोच. या उंचीचा एक फायदा असा की शहरात हिवतापाची भीती सहसा नसते.

संग्रहालयांपैकी दोन टाळू नयेत, आणि सुदैवाने ती एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. राष्ट्रीय संग्रहालयाच्या तळघरात ‘ल्युसी’ आहे. १९७४ मध्ये देशाच्या ईशान्येकडील अफार प्रदेशात हदार येथे सापडलेला हा सुमारे बत्तीस लाख वर्षांपूर्वीच्या मानवसदृश मादीचा सांगाडा. हाडांपैकी सुमारे चाळीस टक्के हाती लागली आणि ती मादी दोन पायांवर ताठ चालत होती हे त्यांवरून सिद्ध झाले. मांडलेली हाडे प्रतिकृती आहेत, मूळ हाडे तिजोरीत असतात, याने निराश होण्याचे कारण नाही, कारण जेमतेम साडेतीन फुटांची ती आकृती उभी पाहिल्यावर जो परिणाम होतो तो प्रतिकृतीनेही तेवढाच होतो. इथिओपियात तिला दिंकिनेश म्हणतात. वरच्या मजल्यांवर सम्राटांची सिंहासने आणि चित्रे आहेत, ती घाईने पाहिली तरी चालतील. दुसरे वंशशास्त्रीय संग्रहालय अदिस अबाबा विद्यापीठाच्या आवारात आहे आणि ते अधिक चांगले मांडलेले आहे. सम्राट हेले सेलासी याचा हा मूळचा राजवाडा. १९६० च्या फसलेल्या उठावानंतर त्याने तो विद्यापीठाला दिला. आत जमातींनुसार दालने न करता जन्म, बालपण, विवाह, मृत्यू अशा माणसाच्या आयुष्याच्या क्रमाने वस्तू लावल्या आहेत, आणि त्यातून बाहेर पडताच सम्राटाचे शयनगृह व स्नानगृह लागते. इमारतीसमोर कोठेच न पोहोचणारा एक चक्राकार जिना उभा आहे. इटलीच्या ताब्यात शहर असताना (१९३६-४१) फॅसिस्ट सत्तेच्या प्रत्येक वर्षासाठी एक अशा पायऱ्या त्यात बांधल्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर इथिओपियनांनी तो पाडला नाही, वरच्या पायरीवर आपला सिंह बसवला. विद्यापीठाबाहेरच्या सिदिस्त किलो चौकातील स्तंभ फेब्रुवारी १९३७ मध्ये इटालियनांनी केलेल्या कत्तलीचे स्मारक आहे, आणि जिन्याचा अर्थ त्या स्तंभानंतर अधिक कळतो.

पवित्र त्रिमूर्ती चर्चमध्ये हेले सेलासी आणि त्याची पत्नी यांच्या ग्रॅनाइटच्या शवपेट्या आहेत. १९७५ मध्ये मरण पावलेल्या सम्राटाला तेथे दफन मिळाले ते २००० साली. सेंट जॉर्जचे अष्टकोनी चर्च १८९६ च्या अदवा येथील विजयाशी जोडलेले आहे. त्या लढाईत इथिओपियाने इटलीच्या सैन्याचा पराभव केला आणि युरोपीय सत्तांच्या वाटणीतून आपले स्वातंत्र्य राखले. त्याच विजयाचे भव्य स्मारक-संग्रहालय २०२४ मध्ये जवळच पियासा भागात उघडले आहे. चर्चमध्ये पादत्राणे बाहेर काढावी लागतात, पुरुषांचे व स्त्रियांचे प्रवेश बहुधा वेगळे असतात आणि स्त्रियांनी डोके झाकावे अशी अपेक्षा असते. मेस्केल चौकाशेजारचे ‘लाल दहशत’ हुतात्म्यांचे संग्रहालय लहान आहे, पण हलक्या मनाने जाण्याचे नाही : १९७४ ते १९९१ या काळातील देर्ग या लष्करी राजवटीने मारलेल्यांची छायाचित्रे, कपडे आणि अस्थी तेथे आहेत. लहान मुले बरोबर असतील तर त्यांना मेनेलिकच्या राजवाड्याच्या आवारात २०१९ मध्ये झालेल्या युनिटी पार्कमध्ये न्यावे. परदेशी माणसाला तिकीट महाग पडते, ओळखपत्र लागते आणि तपासणी कडक असते.

मेर्कातो हा विस्तीर्ण बाजार पाहावा, पण एकट्याने आणि गळ्यात कॅमेरा अडकवून नव्हे. मसाल्यांची गल्ली, कापडाची गल्ली, आणि जुन्या डब्यांपासून, टायरपासून नव्या वस्तू ठोकून काढणाऱ्या कारागिरांची गल्ली अशी त्याची रचना आहे. तेथे खिसेकापूही आहेत. ज्यांना केवळ सुती शाली आणि विणलेल्या काठांचे पांढरे कपडे हवे आहेत, त्यांना एन्तोतोच्या पायथ्याशी शिरो मेदा येथे अधिक शांतपणे खरेदी करता येते. जुने क्रूस, हस्तलिखिते अशा पुरातन वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. चघळण्याची ‘चात’ ही हिरवी पाने इथिओपियात उघड विकली जातात, पण ती भारतात आणल्यास अमली पदार्थविरोधी कायद्याखाली अटक होऊ शकते. कोणी ‘पार्सल’ सोबत न्यायला सांगितले तर साफ नकार द्यावा.

शहरात पत्ता सांगण्याची रीत नाही, खुणेची जागा सांगण्याची आहे : अमुक चर्चसमोर, तमुक बँकेच्या मागे. निळ्या-पांढऱ्या मिनीबस सर्वांत स्वस्त. दारात लटकणारा वेयाला, म्हणजे वाहक, ठिकाणांची नावे ओरडत असतो, आणि उतरताना ‘वोराज आले’ असे मोठ्याने म्हणावे लागते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या हलक्या रेल्वेच्या दोन मार्गिका आहेत, एक पूर्व-पश्चिम व एक उत्तर-दक्षिण. ती स्वस्त आहे, पण अनेक गाड्या नादुरुस्तीमुळे बंद पडल्याने गर्दी फार होते. नवख्या माणसाने मोबाइलवरून बोलावण्याच्या ‘राइड’ किंवा ‘फेरेस’ या टॅक्सी वापराव्यात. उपनगरांत तीनचाकी रिक्षा धावतात आणि त्यांना सरसकट ‘बजाज’ म्हणतात. त्या ज्या कंपनीच्या, तिचा तीनचाकींचा मोठा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला आहे, आणि ते शहर खडकी या नावाने वसवणारा मलिक अंबर लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला होता तो याच इथिओपियातून. चारशे वर्षांच्या अंतराने झालेली ही परतफेड बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

चलन बिर. जुलै २०२४ मध्ये सरकारने विनिमयदर बाजारावर सोडल्यापासून बिरचे मोल बरेच उतरले आहे, म्हणून जुन्या पुस्तकांतील किमती निरुपयोगी आहेत. अमेरिकी डॉलर रोख न्यावेत आणि ते बँकेतच बदलावेत. रस्त्यावर बदलणे बेकायदा आहे. कार्ड मोठ्या हॉटेलांतच चालते, स्थानिक लोक ‘तेलेबिर’ या मोबाइल सेवेने पैसे देतात. विजेच्या खाचा दोन गोल पिनांच्या युरोपीय धाटणीच्या असल्याने जोडणी सोबत हवी. वीज आणि इंटरनेट खंडित होतात, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा. मात्र त्याच्यावरही पूर्ण विसंबू नये, कारण रस्तारुंदीकरणाच्या मोहिमेत २०२४ पासून पियासासह जुन्या वस्त्यांचा मोठा भाग पाडला गेला आहे. राजवाडे, सरकारी इमारती आणि सैनिक यांची छायाचित्रे घेऊ नयेत. शहर तुलनेने शांत असले तरी देशाच्या काही प्रांतांत सशस्त्र संघर्ष चालू राहिला आहे, तेव्हा राजधानीबाहेर रस्त्याने जाण्यापूर्वी भारतीय दूतावासाच्या ताज्या सूचना पाहणे अनिवार्य समजावे. बोलण्यात ‘इशी’, म्हणजे बरे, ठीक, हा एक शब्द दिवसभर पुरतो. समोरच्याने उत्तरादाखल नुसता तोंडाने श्वास आत ओढला, तर त्याला धाप लागलेली नसते, तो ‘हो’ म्हणत असतो.

निघण्यापूर्वीचे एक काम मात्र कोणत्याही परिस्थितीत विसरू नये. इथिओपिया पीतज्वराच्या देशांत मोडतो आणि तेथून परतणाऱ्याकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर भारतातील विमानतळावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य होते आणि मग आयुष्यभर चालते. म्हणून तिकीट काढले की त्याच आठवड्यात लसीची तारीख घ्यावी आणि ते पिवळे पुस्तक पासपोर्टसोबत ठेवावे.